दुसरा ग्लास

चांगुणाने सूर्यभानला ओळखलं ते पायावरून. म्हाताऱ्याने बाकड्यावर बसून चपला काढल्या आणि उजव्या पायाचं तुटकं बोट तिला दिसलं.

बारा वर्षांपूर्वी, खर्ड्याकडच्या सूर्यभानच्या गावाने गायरानाच्या भांडणात तिची वस्ती पेटवली, तेव्हा धाकट्या भीमाच्या तोंडावर हात दाबून ती रस्त्याखालच्या मोरीत लपली होती. तिथून पेटवणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते, त्यांत हे तुटकं बोटही. आई, बाप भागवत, तान्ही बहीण जळून गेली. पायावरून माणूस ओळखता येत नाही, म्हणून कोर्टात दहा वर्षांच्या पोरीची साक्ष उडाली. सगळे सुटले.

मग परक्या मुलखात, देवळाली प्रवराला, बहीण-भावाने पडेल ते काम करत रसवंती उभी केली. सगळ्यांच्या असतात तशी कानिफनाथांच्या नावाची.

आणि आज शिर्डीला निघालेल्या जीपमधून हा उतरला होता, सुना-नातवंडांसकट. चांगुणाच्या हातात ऊस सोलायचा कोयता होता. एका घावाचं काम. पण मग ती तुरुंगात, भीमा पुन्हा उघड्यावर आणि रसवंतीला कुलूप.

"ताई, कोयता दे इकडं," तिचं तोंड बघून भीमा म्हणाला.

"तू चरक चालू कर."

सूर्यभानने एका दमात ग्लास संपवला. "लई ग्वाड हाय, पोरी. अजून येक दे."

तिने दिला. कानिफनाथांची पाटी बघून म्हाताऱ्याने तिला आपल्याच जातीतली धरली होती. एरवी तो पाण्याआधी जात विचारायचा, ते आज दुसरा ग्लास अर्धा झाल्यावर विचारलं.

"कुनाची गं तू? कोन्चं गाव?"

"भागवतची थोरली. तुमच्या गायरानावरची."

त्याने तोंडाचा ग्लास खाली घेतला. "कोर्टानं सोडलंय मला," तो पुटपुटला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

चांगुणाने त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला, बाकड्यावरचा पहिलाही उचलला आणि दोन्ही समोरच्या दगडावर फोडले.

"तुमचं तोंड लागलं ह्यास्नी," ती सगळ्या जीपला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आता ह्यातनं मानसांना देता येत न्हाई."

थोरली सून खाली मान घालून जीपमध्ये जाऊन बसली. सासऱ्यासाठी ती थांबली नाही.

सूड घेऊन समाधान मिळत नाही, असं शहाणी माणसं सांगतात. त्यांची घरं शाबूत असतात. चांगुणा त्या दुपारी दोन भाकरी जास्त जेवली.