डावीकडचा दिवा

नव्या घरात येऊन आठवडा झाला तरी छताला नुसते आकडे आणि वायरी लोंबत होत्या. आधीच्या लोकांनी जाताना दिवे काढून नेले होते, डेन्मार्कमध्ये सगळेच नेतात. स्वेनबोर्ग गावात नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं. सिग्ने आणि तिचा नवरा प्रेबन दोन टेबललॅम्पवर भागवत होते.

सिग्नेला काळजी वेगळीच होती. चाळीस वर्षं हा माणूस तिच्यामागे फिरून दिवे मालवत आला. "एवढा उजेड? ऑपरेशन करायचंय का इथे?" हे त्याचं ठरलेलं. आणि आता त्याने स्वतःच यादी केली होती: जिन्यात तीन, न्हाणीघरात तीन, बोळात चार.

"प्रेबन, नाटक बसवतोयस का घरात?"

"वय झालं आपलं. पडलो-बिडलो तर?" त्याने विषय संपवला.

शनिवारी ते हेनिंगच्या दिव्यांच्या दुकानात गेले. हेनिंग प्रेबनचा शाळेपासूनचा मित्र. त्याने प्रेबनच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा लावला.

"जेवणाच्या टेबलावर कुठला? डावीकडचा बघ."

"लावून दाखव, मग सांगतो."

हेनिंग गोंधळला. "अरे, लागलाय की तो!"

प्रेबनने मान पूर्ण वळवली. "हो, हो. दिसला. चेष्टा केली."

 काही न घेताच सिग्ने त्याला बाहेर घेऊन आली.

"गाडीची किल्ली दे."

"मी चालवतो ना."

"किल्ली दे, प्रेबन."

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल." तो समोर बघत राहिला. "बाबांचंही असंच एका बाजूने सुरू झालं. शेवटी भिंत चाचपत संडासला जायचे. आई त्यांच्याकडे कशी बघायची, माहितेय मला. तू माझ्याकडे तसं बघावंस, असं नको होतं मला."

"आणि गाडीत नातवंडं बसवत होतास! त्यांना काही झालं असतं म्हणजे?"

 तिने गाडी सुरू केली आणि घरी आल्या आल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायला रोज डोळ्यांत थेंब घालायचे. गाडी बंद.

मग दोघं खोलीखोलीतून हिंडले. "इथे कुठे अडखळतोस? खरं सांग," ती विचारायची, आणि तो सांगायचा. जिन्याला वर-खाली दिवे आले, ओट्यावर फडताळाखाली दिव्यांची लांब पट्टी आली. टेबलावर मात्र त्याला खाली लोंबणाराच दिवा हवा होता.

"डोकं आपटशील."

"आपटेन. पण जेवण जेवणासारखं होऊ दे."

तिने तो लावू दिला. घरात आता लख्ख उजेड असतो. तरी प्रेबन जिना चढायला लागला की सिग्ने हातातलं काम थांबवते, आणि त्याचं पाऊल वरच्या फळीवर वाजेपर्यंत श्वास रोखून उभी राहते.