शेवटची खोली

उत्सव सुरू झाला की गावातला एकही पलंग रिकामा राहत नाही. लॉजमधले पलंग तर भरतातच, वहिनीच्या घरचाही भरतो. सासूबाई दरवर्षी पुढची खोली पाहुण्यांना भाड्याने देतात. मग नवरा गच्चीवर जातो आणि वहिनी स्वयंपाकघरात, ओटा आणि पाण्याचं पिंप यांच्या मधल्या बोळकांडीत, नणंदेशेजारी आडवी होते. नणंद घोरते. साधंसुधं नाही, जड कपाट फरशीवरून ओढत नेल्यासारखं.

दोघी कामाला एकाच लॉजवर. नणंद वयाने मोठी, नवऱ्याला कंटाळून माहेरी परतलेली. तिनेच वहिनीला इथे चिकटवून दिलं. ती 'वहिनी' म्हणते म्हणून सगळं लॉज वहिनी म्हणतं, आणि वहिनी तिला 'वन्सं' म्हणते म्हणून मॅनेजरसुद्धा तिला वन्संच म्हणतो. तिलाही ते चालतं.

दिवसभर दुसऱ्यांच्या गाद्या झाडायच्या, आणि आपल्या नशिबी सतरंजी. वहिनीचं अंग आता अंग राहिलं नव्हतं. सकाळी तिने एका पाहुण्याचा चष्मा ब्लँकेटच्या घडीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. त्याने लॉज डोक्यावर घेतलं. मॅनेजर ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, "वहिनी, आणखी एक चूक झाली, तर उत्सव संपल्यावर यायची तसदी घेऊ नका." आणि पाहुण्यांच्या पलंगावर नुसतं टेकलेलं दिसलं तरी त्याच दिवशी घरी, हा तर तिथला जुना नियम.

दुपारी त्या दोघी वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत होत्या. तिथला पाहुणा संध्याकाळी यायचा होता. खाली रस्त्यावर बँड चालला होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. वहिनी चादरीचा कोपरा गादीखाली खोचायला वाकली आणि तशीच राहिली.

"वहिनी, कोपरा खोचताय की त्याच्याशी गप्पा मारताय?"

"उठते हो वन्सं."

"रात्रभर कुशी बदलत असता. झालंय तरी काय?"

एरवी वहिनी गप्प बसली असती. पण सभ्यपणालाही अंगात त्राण लागतं.

"तुम्ही घोरता."

"मी?" नणंदेने हातातली उशी खाली ठेवली. "काहीतरीच! मी तर कधी ऐकलं नाही."

वहिनीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. नणंदेने उशीवर जुना टॉवेल अंथरला.

"व्हा आडव्या. केसांचं तेल लागायला नको उशीला."

"अहो, नोकरी जाईल!"

"मी आहे ना दाराशी. बाकीच्या खोल्या मी उरकते."

पाठ टेकली मात्र, बँड कुठल्या कुठे गेला.

जाग आली ती दाराबाहेरच्या बोलण्याने.

"या दाराला 'पाहुणे झोपले आहेत' ही पाटी कोणी लावली?" मॅनेजर. "पाहुणे संध्याकाळी येणार ना?"

"लवकर आले. दमलेत बिचारे. हळू बोला."

"मला कोणी सांगितलं कसं नाही?" आणि दाराच्या मुठीवर हात पडल्याचा आवाज.

उठून लपावं तर पलंग करकरणार. वहिनीने डोळे घट्ट मिटले, आणि जे रोज रात्री कानांत ओतलं जात होतं ते सगळं घशातून बाहेर काढलं. कपाट फरशीवरून ओढलं गेलं. मध्ये थोडं अडलं, शिट्टी वाजली, पुन्हा ओढलं गेलं.

मूठ सुटली. "बाप रे," मॅनेजर कुजबुजला, आणि पाय न वाजवता निघून गेला.

नणंद आत आली, दार लावून त्याला टेकून उभी राहिली.

"अशी घोरते मी?"

"याहून मोठ्याने."

"मेलं, मग नवरा पळून जाण्याआधी मीच का निघून आले," नणंद म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून खाली बसली. हसते आहे की रडते आहे, ते वहिनीला कळलं नाही. तिने टॉवेल उचलला, चादर ताणली, आणि नणंदेला हात देऊन उठवलं.

संध्याकाळी त्या खोलीचा खरा पाहुणा आला. काडीसारख्या एक बाई, हातात छोटीशी बॅग. मॅनेजरने त्यांना आदराने विचारलं, "दुपारी झोप झाली ना नीट?"

"कुठली झोप? आत्ता तर उतरतेय गाडीतून."

मॅनेजरने किल्ली दिली. बाई जिना चढून जाईपर्यंत तो थांबला. मग धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन उभ्या असलेल्या दोघींकडे वळला. वहिनीने मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं. तेवढ्यात तिला त्याचे डोळे दिसले. लाल, सुजलेले. त्याच्याही घरात पाहुणे होतेच की.

"वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या दुपारी कुठली खोली उशिरा भरणार आहे?"

नणंदेने त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"दाराशी मलाच उभं राहायचंय, म्हणून विचारते. तुम्ही घोरता का हो?"

मॅनेजरने मनापासून विचार केला.

"मी तर कधी ऐकलं नाही."