मुलाला आठवण

विद्यापीठाच्या जुन्या सभागृहाचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा दुरुस्तीसाठी देणग्या जमवायचं काम वेलांटीरावांच्या गळ्यात पडलं. वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुणाच्या कागदात ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की या गृहस्थांचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून कार्यालयातल्या मंडळींनी ते ठेवलेलं. एका खुर्चीचा खर्च देईल त्याचा मजकूर पितळी पट्टीवर कोरून त्या खुर्चीला लावायचा, ही कल्पना त्यांचीच. मजकूर तपासणारही तेच, आणखी कोण?

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा अर्ज आला. मुलगा इथेच शिकलेला. वर त्याचं नाव आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत, 'मुलाला आठवण म्हणून, आईकडून.' वेलांटीरावांना गलबलून आलं. पोटचा पोर गेल्यावर बिचारीला विभक्ती कुठून सुचणार! त्यांनी 'ला'चं 'ची' केलं. तेही उघडंबोडकं वाटलं, म्हणून मुलाच्या नावाखाली झोकदार लिहिलं, 'यांच्या स्मरणार्थ, आई.' बाईंना मात्र एका शब्दानं विचारलं नाही. दुःखावरची खपली कशाला काढा, असा त्यांचा विचार.

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं आटोपली, मंडळी चहाला बाहेर गेली. चौथ्या रांगेत एक माणूस पट्टीवर बोट ठेवून उभा होता.

"हे नाव माझं आहे," तो म्हणाला.

"एका नावाची दोन माणसं असतात हो," वेलांटीराव हसून म्हणाले.

"माझी आई कपडे शिवते. भांडून गेलो, नऊ वर्षं फिरकलो नाही. पेपरात कार्यक्रमाचं वाचून आलो. इथून घरीच जाणार होतो." त्यानं पट्टी पुन्हा वाचली. "तिनं मला मेलेला धरलंय तर. तिचंही बरोबरच आहे."

"जरा थांबा, अर्ज आणतो," म्हणत वेलांटीराव कार्यालयाकडे धावले. फाइल घेऊन परत येईतो खुर्चीपाशी कुणी नव्हतं. ते फाटकापर्यंत पळाले, रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिला. तो गेला होता.

फाटकातून एक म्हाताऱ्या बाई आत येत होत्या. "बस चुकली बघा. आमची खुर्ची कुठली हो? म्हटलं, कधी चुकूनमाकून आलाच इकडे, तर वाचेल. आईची आठवण होईल त्याला."

वेलांटीरावांनी खुर्ची दाखवली. बाईंनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं.

"अहो, पण तो आहे ना," त्या म्हणाल्या.

वेलांटीरावांनी सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूकसुद्धा. बाई ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या.

"वाचलं त्यानं?"

"हो."

"मग आता नाही यायचा. माझ्यावरच गेलाय. एकदा मनाला लावून घेतलं की संपलं." चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला. मग त्यांनी हळूच विचारलं, "दिसायला कसा झालाय हो आता?"

वेलांटीरावांना काही केल्या त्याचा चेहरा आठवेना. तो बोलत असताना त्यांची नजर सारा वेळ पट्टीवरच होती.