काचेपलीकडचं बोलणं

त्यांनी बटण दाबलं आणि काचेपलीकडच्या, कान तपासणाऱ्या मुलीनं पुन्हा नाही म्हणून मान हलवली. हेडफोनमध्ये आवाज आला की दाबायचं होतं, आणि तिनं आवाज सोडलेलाच नव्हता. यंत्रावर झुकताना तिचा उजवा खांदा किंचित खाली जातो हे त्यांनी पाचव्या मिनिटाला हेरलं होतं, आणि तेव्हापासून खांदा हलला की ते बटण दाबत होते. यात काही लबाडी आहे असं त्यांना वाटत नव्हतं. समोर दिसतंय ते बघायचं नाही तर काय डोळे मिटून बसायचं?

मुलीच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. मग बटण बराच वेळ त्यांच्या मुठीत तसंच राहिलं.

खोली कपाटाएवढी होती. दार जाडजूड, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, आणि कानांवर गच्च बसलेला हेडफोन. एवढा बंदोबस्त कशासाठी ते त्यांना कळेना. कान गेले होते ते बायको गेली तेव्हापासून, अकरा महिन्यांपूर्वी. धक्क्यानं होतं असं, येतील परत, असं ते सगळ्यांना सांगत होते आणि स्वतःलाही. ती होती तोवर सगळं लख्ख ऐकू येत होतं. घरात तिचं एक वाक्य त्यांना कधी दोनदा विचारावं लागलं नव्हतं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र जग तोंडात घास धरून बोलायला लागलं. शेजारी पाठ वळवून पुटपुटायचे, दुकानदार वजनकाट्याकडे बघत पुटपुटायचा, पोटची मुलगी फोनवर पुटपुटायची. भांडण केल्यासारखे त्यांनी सगळ्यांशी संबंध तोडत आणले होते. दिवस दिवस ते कुणाशी बोलत नसत. आज लेक हात धरून घेऊन आली नसती तर ते आलेही नसते.

अडतीस वर्षं ते मागांच्या शेडमध्ये होते. दीडशे यंत्रमाग एकदम चालू असताना तिथं ओरडून उपयोग नसे. शेडमध्ये सगळे ओठांनी बोलत. शब्द तोंडानं मोठा करून दाखवायचा, आवाज काढायचाच नाही. साहेबांच्या चहाड्या, पोराबाळांची दुखणी, थट्टामस्करी, सगळं चार रांगांपलीकडून बिनबोभाट चालायचं. त्यांचं लग्नसुद्धा असंच जमलं. ती सुताच्या कांड्या भरायच्या खात्यातून यायची, कानांत कापसाचे बोळे घालून. सबंध शेडमध्ये बोळे घालणारी ती एकटीच. ते तिला चिडवायचे, "एवढा कापूस आहे तर उशी तरी कर." ती हसायची, पण बोळे काही काढायची नाही.

काचेपलीकडे मुलीनं आता त्यांच्या लेकीला जवळ बोलावलं होतं. मध्ये एक कागद होता, त्यावर उतारासारखी घसरत गेलेली रेघ. दोघींचे चेहरे अर्धेच दिसत होते. त्यांना अर्धेही पुरायचे.

"त्रास कधीपासून आहे म्हणालात?"

"आई गेल्यापासून. अकरा महिने."

"अकरा महिन्यांचं नाही हो हे. वीस वर्षं तरी झाली असतील. जास्तच."

त्यांनी खुर्चीत सरळ होऊन पाहिलं. मुलगी हातानं शंखाचा आकार करून दाखवत होती. कानाच्या आत असं वेटोळं असतं, त्यात अगदी बारीक केसांसारखे तंतू. आवाजानं ते हलतात तेव्हा मेंदूला कळतं. दाराशी काथ्याचं पायपुसणं असतं ना, रोज तुडवलं की कडेचे तंतू आधी झिजतात? तसंच. आत शिरतानाचे तंतू बारीक, उंच आवाजांचे. ते आधी जातात. मग बोलणं चाललंय एवढं समजतं, शब्द लागत नाहीत. आणि हे तंतू पुन्हा उगवत नाहीत.

"पण घरात कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

लेकीनं कागद बाजूला सरकवला. मग मान वर करून बोलली. त्यांना तिचा शब्दन् शब्द कळला.

"आईच्या आलं होतं. ती बाबांशी आवाज काढून बोलतच नव्हती. माझ्याशी बोलताना आवाज, आणि त्यांच्याकडे वळली की नुसते ओठ, मागावर बोलायचे तसे. कुणी घरी आलं की समोर उभी राहून त्यांना सगळं पुन्हा सांगायची. मी एकदा म्हटलं, सरळ जोरात बोल की. तर म्हणाली, जोरात बोलले तर त्यांना कळेल."

"खोटं बोलतेस," ते म्हणाले.

काचेपलीकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्यांना आत्ता कुठं ध्यानात आलं. दार बंद होतं, हेडफोन कानांवर तसाच होता, आणि तरीही ते लेकीचं बोलणं आवाजासकट ऐकत होते. तो आवाज कुठून आला? तिचा म्हणून जो ऐकला तो शाळेतल्या पोरीचा होता. आणि बायकोचा जो आठवत होता, गेल्या वर्षापर्यंत रोज ऐकला म्हणून जपून ठेवलेला, तो पंचविशीतल्या बाईचा होता. त्यात एक दिवसाचंही म्हातारपण नव्हतं. हे त्यांना आजवर कधी खटकलं नव्हतं.

तपासणाऱ्या मुलीनं दार उघडलं, हेडफोन काढला. दोन्ही कानांमागे तिनं मण्याएवढी यंत्रं बसवली, आत नळ्या सरकवल्या. आधी सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटेल, असं तिनं अगोदरच लिहून दाखवलं. मग लेकीला म्हणाली, "ताई, काहीतरी बोला त्यांच्याशी."

लेक समोर येऊन बसली. डोळे लाल झाले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आईच्या सवयीनं, आवाज न काढता, ओठांनी मोठं करून विचारलं, कसं वाटतंय?

"आवाज काढून बोल," ते म्हणाले.

"बाबा," ती म्हणाली.

ते दचकले. कुणीतरी चमचा आपटावा तसा तो शब्द आला.

"तुझ्या आईचा आवाज कसा होता ग? शेवटी शेवटी?"

"घोगरा झाला होता. म्हणजे... माझ्यासारखाच. फोनवर मामासुद्धा फसायचा, मला ती समजून माझ्याशीच बोलत बसायचा."

"मग बोल."

"काय बोलू?"

"ती मला काय सांगायची ते. रोजचं."

लेक अडखळली. मग हळूहळू सांगू लागली. चहा निवतोय हो. चष्मा कपाळावर आहे, शोधताय काय. आज बाहेर नका जाऊ, गुडघा दुखेल मग. त्यांची नजर आपोआप तिच्या ओठांवर गेली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आवाज जाडसर होता, थकलेला, मध्येच फाटणारा. त्यांनी तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता. लेक थांबली तसा त्यांनी डोळे न उघडता हात पुढे केला, आणि तिच्या मनगटावर दोनदा थोपटून चालू ठेव म्हणून सांगितलं.