'स्वर्णरेखा'चे संपादक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघणाऱ्या 'दैनिक स्वर्णरेखा'त कुणाचं नाव छापून येत नाही. म्हणजे मंत्र्यांची येतात, चोरांची येतात, हरवलेल्या मुलांची येतात. येत नाहीत ती पेपर काढणाऱ्यांची. पहिल्या मालकांनी पाटणकर बाजारातल्या एका गाळ्यात छापखाना टाकला तेव्हाच दंडक घालून दिला, की नाव अखबाराचं व्हावं, माणसाचं नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी कायद्यापुरतं संपादक म्हणून त्यांचं स्वतःचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत जायचं, तेवढं सोडा. दंडक घालणाऱ्याचं असं थोडं सुटतंच.

खरे संपादक होते मुकुंदराव सरवटे. तीसेक वर्षं अग्रलेख त्यांनीच लिहिले; लिहायचे हिंदीत आणि चिडायचे मराठीत. बिड़ला नगरातली मिल थंडावली तेव्हा कामगारांच्या बाजूने त्यांनी जे लिहिलं ते लोकांनी कापून खिशात बाळगलं, पण लिहिणारा कोण हे त्या लोकांना कळलं नाही. मुकुंदरावांना यात मोठी मौज वाटायची. त्यांच्या बायकोला, शांताताईंना, कधीच वाटली नाही. "गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानावर पाटी आहे," त्या म्हणायच्या, "आणि तुमची कुठे आहे?" मुकुंदराव हसून चष्मा पुसायचे.

त्यांची मुलगी मंजिरी लग्नाच्या भानगडीत पडली नाही. ती बापाच्याच पेपरात उपसंपादक झाली आणि आता पन्नाशी उलटली तरी तिथेच होती. बिननावाची सवय तिला लहानपणापासूनच लागलेली, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नसे.

पक्षाघाताने मुकुंदरावांची वाचा गेली, तेव्हा दवाखाना जवळ पडावा म्हणून तिघं लष्कर सोडून बिड़ला नगरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. लष्करातल्या बाडा चौकात रोज चहाला भेटणारे जुने मित्र एकदोनदा येऊन गेले. मग त्यांचेही गुडघे दुखू लागले, सवारी टेम्पोतली धक्काबुक्की झेपेना. फोन करावा तर पलीकडून बोलणार कोण? येणं-जाणं आपसूक थांबलं. कुणाचं भांडण नव्हतं की राग नव्हता. म्हातारपणी मैत्री अशीच बसून राहते, जो तो आपापल्या खुर्चीत.

मागच्या पौषात, धुक्याने समोरची इमारतही दिसत नव्हती अशा एका सकाळी, मुकुंदराव गेले. 'स्वर्णरेखा'तलं माणूस गेलं की काय छापायचं तेही ठरलेलं होतं. दुसऱ्या पानावर एक ओळ: 'हमारे एक साथी नहीं रहे.' नाव नाही, गाव नाही. मंजिरीने स्मशानातून आल्यावर फोनवरून ती ओळ सांगितली. पलीकडच्याने चाचरत विचारलं, "मंजिरीजी, सरांचं नाव तरी...?" ती म्हणाली, "नियम त्यांनीच पाळला सगळा जन्म. त्यांच्यासाठी कशाला मोडायचा?" तिला तेव्हा ते अगदी बरोबर वाटलं होतं.

उठावनीला, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या शोकबैठकीला, ऑफिसातली चार माणसं आली, वरच्या मजल्यावरचं एक जोडपं आलं आणि इंदूरहून एक चुलतभाऊ. मोबाइलवर बातमी फिरली होती, पण ती मंजिरीच्या वयाच्या लोकांत. हात जोडल्याची चित्रं ढिगाने आली, माणसं आली नाहीत. मुकुंदरावांच्या वयाची मंडळी मोबाइल बघत नाहीत. ती पेपर बघतात. शांताताई संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. दिवेलागणीला त्यांनी विचारलं, "ह्यांना गावात कुणी ओळखतच नव्हतं का गं?"

मंजिरी उठून दिवा लावायला गेली. ती रडली नाही. चार दिवसांनी कामावर गेली, मथळे लावले, डबा खाल्ला, घरी आली. दाढ काढण्याआधी सुई देतात आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. ती वाट बघत होती की सुई उतरेल आणि दुखायला लागेल. वर्ष होत आलं तरी उतरली नाही.

अशात समरजीतने अमृत महोत्सवी अंकाची टूम काढली. समरजीत म्हणजे पहिल्या मालकांचा नातू. पोरगा मनाने चांगला, पण सगळं झटपट हवं. त्याने जुने अंक कॉम्प्युटरवर चढवून घेतले होते आणि त्यातून पेपराचा इतिहास आपोआप निघेल अशी त्याची समजूत होती. एका दुपारी तो मंजिरीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, गजब झालं. मशीनला विचारलं की सबसे ज़्यादा नाव कुणाचं आलं, तर पहिला नंबर साडीवाल्याचा, दुसरा दाताच्या डॉक्टरचा. अपना तो एक भी आदमी नाही! पेपर काय भुतांनी काढला?"

"काढला माणसांनीच," मंजिरी म्हणाली.

"मग तुम्हीच लिहा. नावासकट लिहा. आजोबांचा रूल आता खतम."

घरी तिने हे जेवताना सहज सांगितलं. शांताताईंचा घास हातातच राहिला.

"म्हणजे ह्यांचं नाव येईल?"

"येईल."

"मोठ्या अक्षरांत? फोटो?"

"फोटोसकट."

शांताताईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "हे बघ मंजिरी, माझं आता काही मागणं नाही. पण मी डोळे मिटायच्या आत गावाला कळू दे, की मी कुणाच्या घरात नांदले. एवढं कर."

मंजिरीने केलं. बाबा असते तर संतापले असते, हे तिला माहीत होतं. लिहिताना तिने स्वतःला थोडं अपराधी वाटून घ्यायचा प्रयत्नही केला, पण तेही जमेना. पाटणकर बाजारातला गाळा, वीज गेल्यावर पायाने चालवलेलं मशीन, मिलचे दिवस, सगळे जुने संपादक, वार्ताहर, खिळे जुळवणारे जुळारी, एकेकाचं नाव तिने लिहून काढलं. इतिहास उत्तम झाला. परीक्षेला लिहितात तसा उत्तम.

समरजीतने वाचला आणि एकच खोट काढली. "ताई, हर नाम के आगे स्व., स्व., स्व.! लोक म्हणतील उठावनीचं पान आहे. अपना जश्न आहे ना? काढून टाकू ते?"

बोलणं तर्काला धरून होतं. इतिहासातली माणसं मेलेलीच असतात, वेगळं सांगायला कशाला हवं? मंजिरीने एकेका नावापुढचं स्व. काढलं. बाबांच्या नावापुढचंही काढलं आणि पान पुढे पाठवलं.

रविवारी अंक आला. आतल्या पानावर मध्यभागी मुकुंदराव, चष्म्यातून किंचित हसणारे, आणि खाली जाड ठशात: 'स्वर्णरेखा की असली कलम, मुकुंदराव सरवटे.' शांताताईंनी दोनदा वाचून घेतलं. मग नावावरून बोट फिरवलं आणि अंक मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

नऊ वाजायच्या सुमारास बेल वाजली. दारात दोन म्हातारे धापा टाकत उभे होते. कानटोपी घातलेले दिनकरराव, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आणि त्यांच्या मागे जिन्याचा कठडा धरून उमाजी, जुने फौजी. दोघंही मुकुंदरावांच्या रोजच्या चहाचे सोबती. मास्तरांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि उमाजींच्या हातात झेंडूचा हार.

"इतक्या दिवसांनी आलो, दोन जिने चुकलो," दिनकरराव म्हणाले. "अगं, शेवटी छापलं की नाव! बाड्यावर सगळ्यांना दाखवून आलो. कुठे आहेत?"

उमाजी तर तिला ओलांडून आतच शिरले आणि बंद खोलीकडे तोंड करून ओरडले, "संपादकसाहेब! आज छुपून नाही चालणार! बोलता येत नसेल तर नका बोलू, हार तर घालून घ्या!"

मंजिरी दार धरून उभी राहिली. तिला सगळं एका क्षणात कळलं: नावापुढचं स्व. तिनेच काढलं होतं.

शांताताई उठल्या. "बसा, उमाजी," त्या म्हणाल्या. "ते नाहीत. मागच्या पौषातच गेले."

"कुठे गेले?" उमाजींनी विचारलं. मग विचारलं ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं आणि ते मटकन खाली बसले.

"वहिनी, आम्हाला खबरच नाही," दिनकरराव म्हणाले. "कुणी सांगितलं पण नाही."

"छापलं होतं," मंजिरी म्हणाली. "एक साथी नहीं रहे."

मास्तरांनी कानटोपी काढली. "ते वाचलं होतं मी. चहा पिता पिता ह्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. म्हटलं, असेल बिचारा प्रेसमधला कुणी. आणि पान उलटलं." पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच खुर्चीखाली सरकवला.

उमाजी रडायला लागले. हार तसाच हातात धरून, लहान मुलासारखे, हमसून हमसून. मंजिरीने पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. शांताताई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा वर्षभर आवळलेला चेहरा सैल पडत गेला. "रडा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी कुणी रडलंच नव्हतं हो."

खाली रस्त्यावर ऑटो थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी मोठ्याने विचारत होतं, "सरवटेजी कौन से माले पे?" आणखी दोनतीन आवाज होते, हसरे, सणाला निघाल्यासारखे.

"मंजिरी, सतरंजी घाल," शांताताई म्हणाल्या. "आणि दारात तू उभी राहा. मला सारखं सांगवणार नाही."

तिने सतरंजी अंथरली आणि ती दारात जाऊन उभी राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाबा गेल्याचं आपण अजून कुणालाच तोंडाने सांगितलेलं नाही. आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, ऑफिसला ओळ सांगितली होती, बाकीच्यांना मोबाइलने कळवलं होतं. जिन्याच्या वळणावर एक पांढऱ्या मिशांचा माणूस दिसला, काखेत 'स्वर्णरेखा', हातात गुलाबाची दोन फुलं.

"बधाई हो बेटी!" तो खालूनच म्हणाला. "कहाँ हैं हमारे संपादकजी?"

"बाबा गेले," मंजिरी म्हणाली. मिशांवरचं हसू तसंच होतं. त्याला मराठी कळलं नसावं. तिने पुन्हा, त्याच्या भाषेत, नाव घेऊन सांगायला सुरुवात केली, "मुकुंदराव सरवटे..." आणि पुढचं तिला सांगता येईना, इतकं दुखायला लागलं.