हसूनका आणि दोन कॅमेरे

दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळा रस्ता त्यांना हसूनका म्हणायचा. पासपोर्टचे फोटो काढायचं त्यांचं दुकान, आणि दुकानाच्या वरच घर. गिऱ्हाईक आलं की ते त्याला स्टुलावर बसवायचे, स्टूल गरागरा फिरवून उंची नीट करायचे, मागचं पांढरं कापड ताणायचे आणि तीन पायांवरच्या मोठ्या कॅमेऱ्यामागे जाऊन म्हणायचे, "नाक समोर. हनुवटी खाली. हसू नका." त्यांचे वडीलही हेच म्हणत. वडिलांकडून दुकान आलं, त्यासोबत हे वाक्यही आलं.

आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा होता आणि खुंटीवर एक काळा कोट. ज्याच्याकडे कोट नाही त्याने तो चढवायचा आणि फोटो झाला की परत अडकवायचा. तो कोट फोटोंमधून कुठल्या कुठल्या देशांत जाऊन आला होता. कोटाचा मालक मात्र कधी गावाबाहेर दोन रात्री राहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की गावातल्या अर्ध्या लोकांना परदेशी धाडणाऱ्या या गृहस्थांकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता.

धंद्याची सवय घरातही शिरते. हलवायाच्या घरी सगळे गोडघाशे नसतील, पण हसूनकांच्या घरी फोटोत कोणी हसत नसे. स्वतःच्या लग्नात त्यांनी बोहल्यावरून फोटोग्राफरला हटकलं होतं आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना हनुवट्या खाली घ्यायला लावल्या होत्या. तो आल्बम पाहून वाटे, ही माणसं लग्नाला आली नसून पोलिसांनी आणली आहेत. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो भिंतीवर होता. बघणारा हमखास विचारायचा, "कुठे निघाली होती हो?"

आता ती लेक दूर परदेशात होती आणि तिला दिवस गेले होते. बाळंतपणासाठी आई जाणार होती आणि पुढे बाळ बसायला लागेपर्यंत तिथेच राहणार होती. लेकीने बाबांनाही बोलावलं होतं. बाबा म्हणाले, "दुकान कोण बघणार?" हे उत्तर त्यांनी इतक्या झटकन दिलं की बायकोने पुन्हा विचारलं नाही. तिने पुन्हा विचारावं असं त्यांना फार वाटत होतं. पण तसं सांगायचं कसं, हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं नव्हतं.

"मला एक छोटा कॅमेरा हवा," बायको म्हणाली. "पर्समध्ये मावेल असा. वाटेत दिसेल ते टिपेन. तुमचं हे तीन पायांचं धूड काही मी विमानात नेणार नाही."

समोर रेडिओवाल्याचं दुकान होतं. रेडिओ विकणं त्याने कधीच सोडलं होतं, नाव तेवढं चिकटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर कायम हसू असायचं. गिऱ्हाईक भांडायला आलं तरी ते मावळत नसे. त्याने काचेच्या कपाटातून दोन चिमुकले कॅमेरे काढले, एक काळा आणि एक चंदेरी.

"मूर्ती लहान पण कीर्ती महान, काका," तो म्हणाला. "काळा साधा आहे. बटण दाबलं की फोटो. हा चंदेरी मात्र फार हुशार, सगळं आपोआप करतो. मी सगळं लावूनच ठेवलंय, तुम्ही फक्त इथे दाबायचं. दोन्ही घरी न्या, वापरून बघा. एक ठेवा, एक परत आणा."

हसूनकांनी दोन्ही तळहातावर ठेवून पाहिले. साबणाच्या वडीएवढे कॅमेरे! त्यांना कॅमेऱ्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं. पण ते घेऊन आले, आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा सुरू झाली.

परीक्षा अर्थातच त्यांच्या पद्धतीने. बायकोला स्टुलावर बसवलं, कापड ताणलं. "नाक समोर. हनुवटी खाली. हसू नकोस." काळ्याने फोटो काढला. चंदेरीचं बटण दाबलं, तर त्याच्या कपाळावरचा एक दिवा लुकलुकायला लागला, आणि फोटोचं नाव नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा लुकलुक. बायको पापणी न हलवता बसून होती.

"श्वास घेऊ का?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"घे. बिघडलाय हा. सगळं आपोआप करतो म्हणे! एक ना धड, भाराभर चिंध्या."

ते तसेच रस्ता ओलांडून गेले. रेडिओवाल्याने कॅमेरा हातात घेतला, स्वतःकडे वळवला आणि बटण दाबलं. खटकन फोटो निघाला.

"चालतोय की, काका."

हसूनका घरी आले. बायको स्टुलावर, नाक समोर, हनुवटी खाली. लुकलुक. ते परत गेले. रेडिओवाल्याने या वेळी शेजारच्या चहावाल्याला समोर धरलं. "काय रे, काकांचा कॅमेरा चालत नाही म्हणे," असं तो म्हणाला मात्र, चहावाला हसला आणि खटकन फोटो.

"याला माहेरी बरं वाटतं आणि सासरी आला की पोटात दुखतं," हसूनका घरी येऊन म्हणाले.

"मग काळा ठेवा आणि विषय मिटवा," बायको म्हणाली.

पण हसूनकांना विषय मिटवायचाच नव्हता. त्यांनी काळ्याने भिंतीवरचं घड्याळ टिपलं, मग तेच घड्याळ दुसऱ्या खिडकीच्या उजेडात टिपलं. छापून दोन्ही भिंगाखाली धरले. काळ्याचा पट्टा खरखरीत आहे म्हणाले. चंदेरी दुरुस्त झाला तर कदाचित सरस ठरेल म्हणाले. असा काथ्याकूट चालू राहिला आणि पलंगावर बायकोची बॅग उघडीच पडून राहिली, कारण कॅमेऱ्याची जागा तिने मऊ कपड्यांच्या मधोमध रिकामी ठेवली होती. कॅमेरा ठरेपर्यंत बॅग बंद होणार नव्हती. बॅग बंद झाली की ती जाणार होती, आणि ती गेली की घर खायला उठणार होतं. हसूनकांना हे सगळं पुरतं कळत होतं. म्हणूनच त्यांनी घोंगडं भिजत ठेवलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बायको दुकानात आली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

"बसा," ती म्हणाली.

"कुठे?"

"स्टुलावर. मला तुमचा फोटो न्यायचाय."

"माझे आहेत की फोटो," म्हणत त्यांनी खण उघडला. खणात त्यांचे पासपोर्ट आकाराचे बरेच फोटो होते. नवीन दिवा आणला की तो ते स्वतःवरच वापरून बघत.

बायकोने एक उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. "नातवाने आजोबा पहिल्यांदा बघायचा तो असा? बाळ दूध टाकेल." मग तिने तो परत खणात टाकला. "तुम्ही हसता तेव्हा किती बरे दिसता. पुढच्या दोन दातांत ती फट दिसते. मी त्या फटीवरच भाळले होते. पण लेकीला सांगितलं तर ती म्हणते, आई, काहीतरीच! तिने तरी कुठे पाहिलंय? मला माहीत आहे, पण माझ्याकडे पुरावा नाही."

हसूनकांचे कान लाल झाले. "हसूनकाच दात काढून बसलाय असं कोणी पाहिलं तर? लोक हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील. आज तुमचेही दिसू देत."

ते बसले. त्यांनी मनापासून प्रयत्न केला हे सांगायला हवं. ओठ ताणले, गाल वर ओढले, दात बाहेर काढले. काळ्या कॅमेऱ्याने तो फोटो काढला आणि दोघांनी पाहिला. दाढ काढायला बसलेल्या माणसाचा वाटत होता. दुसरा काढला, तो दाढ निघाल्यानंतरचा वाटत होता.

"नाही जमत गं," हसूनका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच बारीक झाला. "समोर भिंग आलं की तोंड आपोआप मिटतं. तू नसताना कसं होणार आहे माझं, कोण जाणे." शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं. ते निसटलं.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं तिने तोंड फिरवलं आणि हाताला लागला तो कॅमेरा उचलला. तो चंदेरी होता. तिने तो मोठ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवला, बटण दाबलं आणि हात मागे घेतला. दिवा लुकलुकायला लागला.

"तो बिघडलेलाय," हसूनका म्हणाले.

"गप्प बसा. गिऱ्हाइकाने बोलायचं नसतं." ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, भुवया चढवल्या, घसा साफ केला आणि थेट त्यांच्याच खर्जात म्हणाली, "नाक समोर! हनुवटी खाली! हसू नका!"

एवढी वर्षं हे वाक्य त्यांनी जगाला ऐकवलं होतं, पण त्यांना ते कोणी ऐकवलं नव्हतं. आणि असं ऐकवलं होतं, की वडीलच समोर उभे राहिल्याचा भास व्हावा, तेही साडी नेसून. हसूनकांच्या पोटात आधी काहीतरी हललं, मग खांदे हलले, मग ते तोंड उघडून हसले.

खटकन आवाज आला.

"कोणी दाबलं?" त्यांनी दचकून विचारलं.

"मी कुठे? माझे हात तर कंबरेवर आहेत!" बायको म्हणाली, आणि तिचा तो भेदरलेला चेहरा पाहून त्यांना पुन्हा हसू फुटलं. पुन्हा खटकन.

दोघांनी कॅमेऱ्यात डोकं घातलं. छोट्याशा पडद्यावर एक माणूस हसत होता, आणि त्याच्या पुढच्या दोन दातांमधली फट स्पष्ट दिसत होती. बायको कितीतरी वेळ तो पडदा बघत राहिली. हसूनकांच्या डोळ्यांसमोर रेडिओवाल्याचं कायमचं हसू आलं, मग हसणारा चहावाला आला, आणि लख्ख उजेड पडला.

"अगं, हा समोरचं माणूस हसलं की फोटो काढतो! आणि आपण त्याला—"

"आपण त्याला आपल्या घरात आणलं," बायको म्हणाली. "कसा चालेल बिचारा!"

हसूनकांनी खुर्ची ओढली. आता निर्णय उघड होता. "हाच ने. बॅगेत ठेव."

"नाही. मी काळा नेणार. तिथे मला हसवायला लागणार नाही, नुसतं दाबायला लागेल. हा फोटो छापून द्या, तो न्यायचाय." तिने चंदेरी कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. "हा इथे राहील. रोज एक फोटो काढायचा आणि लेकीकडे पाठवायचा. मला तुमची खुशाली कळेल. खोटं बोलायची सोय नाही, तुम्ही हसल्याशिवाय तो काढणारच नाही."

संध्याकाळी हसूनका रेडिओवाल्याकडे गेले आणि दोन्ही ठेवतोय म्हणाले. रेडिओवाला अर्थातच हसला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. हसूनकांनी तिला निरोप दिला तो पासपोर्टच्या चेहऱ्याने, कारण दुसरा कुठलाही चेहरा केला असता तर रडू आलं असतं.

त्यानंतरच्या सकाळी त्यांनी दुकान उघडलं, चंदेरी कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्यावर ठेवला, बटण दाबलं आणि स्टुलावर जाऊन बसले. दिवा लुकलुकत राहिला. "नाक समोर, हनुवटी खाली, हसू नका," ते तिच्यासारखं म्हणून बघू लागले, पण ते त्यांच्यासारखंच झालं. दात विचकून पाहिले. यंत्र फसलं नाही. दुकान शांत होतं, वरच्या घरात कोणी भांडी वाजवत नव्हतं, आणि ते साबणाच्या वडीएवढं यंत्र त्यांच्याकडे टक लावून वाट बघत होतं. इतकी चिकाटी फक्त बायकोकडेच होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा शिंपी फोटो काढायला आत आला. दुकानदारच स्टुलावर ताठ बसलेले पाहून तो दारातच थबकला.

"काय हो हसूनका," त्याने विचारलं, "तुम्ही कुठे निघालात?"

हसूनका "कुठे नाही" म्हणणार होते. तोंड त्यासाठीच उघडलं होतं. पण मनात आलं, खरंच की, आपण पासपोर्टच्या स्टुलावर बसलोय. बसलेला माणूस कुठेतरी निघालेला असतो. दुकानाला कुलूप लागतं. कुलूप तर घरात आहेच.

खटकन आवाज झाला.

त्यांनी उठून खुंटीवरचा काळा कोट काढला, झटकला आणि अंगात चढवला. दोरीच्या कंगव्याने भांग पाडला. मग शिंप्याला हाताला धरून मोठ्या कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि बटण दाखवलं. वाक्य शिकवायची गरज नव्हती, ते गावाला पाठ होतं.

"नाक समोर," शिंपी ऐटीत म्हणाला. "हनुवटी खाली. हसू नका."

पहिला फोटो वाया गेला. दुसऱ्यात दात दिसले. तिसऱ्यात तर फटीसकट दिसले. शिंपी वैतागला.

"अहो, असले पासपोर्टला चालत नाहीत, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? जायचंय ना तुम्हाला? मग हसू नका!"

"जायचंय," हसूनका तोंडावर हात धरून म्हणाले. "म्हणूनच तर होत नाहीये."