ठिपक्यांआड

“वहिनी, पासवर्डला पोरीचं नाव ठेवू नकोस हं,” माझी नणंद सुलक्षणा म्हणाली होती. “मग काय तुझं ठेवू?” असं म्हणून मी हसले होते. त्या दुपारपासून माझ्या मुलीचं नाव कुणाला ऐकू येत नाही.

मला विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. विद्यार्थ्यांचा ईमेल सुरू करायचा, मग पोर्टलवर खातं उघडायचं. मुलगी मांडीवर बसून चुरमुरे खात होती. आंघोळीनंतर लावलेली काजळाची तीट गालावर होती. मी तिचं नाव टाईप केलं. एकेका अक्षराचा काळा ठिपका होत गेला. खातं तयार झालं. खाली पाहिलं तर गालावर, तिटेच्या शेजारी, तशाच ठिपक्यांची सरळ ओळ होती.

खोबरेल तेलानं पुसली. निघेना.

“असू दे गं,” सासूबाई म्हणाल्या. “आता कुण्णाची म्हणून दृष्ट लागायची नाही.”

मी मुलीला हाक मारली. तोंडातून कीबोर्डच्या कळा दाबल्यासारखी नुसती टकटक आली.

“काय म्हणालीस?” नवऱ्यानं विचारलं.

“हिला हाक मारतेय.”

“हां.” तो तिच्याकडे वळला. “नाव काय गं ठेवलं आपण हिचं?”

पासवर्ड बदलायला हवा होता. बदलायचा तर आधी जुना टाकावा लागतो. बोटांना नाव येत होतं, बोटंच ते टाकत होती. नवा काहीही लिहिला तरी पोर्टल म्हणे, हा पुरेसा सुरक्षित नाही, जुना पुन्हा टाका. मी पुन्हा टाकला. ओळी कपाळावर गेल्या, मानेवर उतरल्या, बोटांच्या पेरांपर्यंत पोचल्या. मुलगी रडली नाही. चुरमुरे खात राहिली.

संध्याकाळी सासूबाईंनी माझी मांडी झटकली, तिथे कुणी बसलेलंच नसल्यासारखी. “एवढे चुरमुरे कुणी सांडले?”

मी विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

“मॅडम, पासवर्ड आम्हालाही सांगू नका,” पलीकडची बाई म्हणाली.

“अहो, ते माझ्या मुलीचं नाव आहे.”

“म्हणूनच सांगू नका.”

“मग ती आहे कुठे?”

“सुरक्षित आहे, मॅडम. आणखी काही मदत करू?”

पासवर्डच्या चौकटीच्या कडेला एक लहानसा डोळा असतो. तो दाबला की ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसतात. पुन्हा एकदा, अखेरचं म्हणून, मी नाव टाकलं आणि डोळा दाबला. तो उघडला. त्यानं अक्षरं दाखवली नाहीत. माझ्या मांडीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मिटला.

तेव्हापासून मी उठलेली नाही. मांडीवर वजन आहे. ऊब आहे. चुरमुरे चावल्याचा आवाजही येतो. खाली पाहिलं की मला फक्त माझ्या साडीवरचे काळे ठिपके दिसतात, आणि ही साडी नेसले तेव्हा कोरी होती.

घरातल्यांना विचारून उपयोग नाही. तुम्ही तिचं नाव कधी ऐकलेलं नाही, म्हणजे विसरलेलंही नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दार लोटलेलंच आहे. आत या, हाक मारू नका. फक्त माझ्या मांडीकडे बघा, आणि ती अजून खातेय का, तेवढं मला सांगा.